बांधावरची फुले आणि मंडपातली द्राक्षे

शेतीविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा दोन टोकांवर चालते. एका टोकाला ‘रसायनांवाचून पीक हाती येणेच शक्य नाही’ असे मानणारा वर्ग आहे. दुसऱ्या टोकाला ‘उद्यापासून सारी शेती सेंद्रिय करा’ असा आदेश व्यासपीठावरून देणारा वर्ग आहे. या दोन्ही टोकांच्या मध्ये प्रत्यक्ष शेतकरी उभा असतो आणि त्याच्या डोक्यावर कर्ज असते. द्राक्षाच्या शेतीत तर हे कर्ज अधिकच जड असते. मंडप, तारा, ठिबक, शेततळे, मजुरी, दोन छाटण्या, असा सारा पैसा आधी जमिनीत गाडावा लागतो आणि तो परत येणार की नाही हे फेब्रुवारी-मार्चमध्ये घडाकडे पाहूनच कळते. अशा शेतकऱ्याला ‘फवारणी थांबवा’ असे सांगणे सोपे असते; फवारणी थांबली तर कीड कोण आवरणार, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड असते.

या प्रश्नाचे एक उत्तर बागेच्या बांधावर मिळू शकते. मराठवाड्यात ज्याला ‘धुरा’ म्हणतात, त्या चिंचोळ्या पट्टीवर आणि द्राक्षाच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत योग्य वनस्पती वाढू दिल्या, तर किडींचे नैसर्गिक शत्रू बागेत मुक्काम करतात आणि फवारणीचा मोठा भार हलका होतो. जगाच्या द्राक्षपट्ट्यांत ही गोष्ट गेल्या अर्धशतकात अभ्यासली गेली आहे. जालना जिल्ह्याने तिचा विचार गांभीर्याने का करावा, आणि तो करताना कोणती सावधगिरी बाळगावी, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

कडवंचीने घालून दिलेला पाया

जालना तालुक्यातील कडवंची हे गाव आज द्राक्षासाठी ओळखले जाते. साडेसहाशे-सातशे मिलिमीटर सरासरीच्या आणि त्यातही बेभरवशाच्या पावसावर जगणाऱ्या या भागात द्राक्षाचे मळे उभे राहतील, असे तीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर त्याची थट्टाच झाली असती. १९९६ पासून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत येथे माथा ते पायथा असे काम झाले. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने गावकऱ्यांच्या सोबतीने ते तडीस नेले. समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यांवरील बंधारे आणि पुढे घरोघरची शेततळी, अशा क्रमाने पाणी अडत गेले, मुरत गेले. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून सरपण होत असताना कडवंचीचे मळे शेततळ्यांच्या आधाराने तगून राहिले, ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. नंदापूर, धारकल्याण यांसारख्या शेजारच्या गावांतही द्राक्षवेल पोहोचला.

या यशाचे श्रेय केवळ चर खणणाऱ्या हातांना देऊन भागत नाही. त्या कार्यक्रमाची अटच अशी होती की गावाने श्रमदान करावे, मोकाट चराई थांबवावी, झाडांवर कुऱ्हाड चालवू नये. म्हणजे पाणी अडवण्याआधी गावाला स्वतःला आवरावे लागले. एकाच्या शेतात पडलेले पाणी दुसऱ्याच्या विहिरीत उतरते. त्यामुळे पाण्याचा प्रश्न एकेकट्याने सुटत नाही, हे शहाणपण तेथून आले. किडीचा प्रश्नही अगदी असाच आहे. सातबारा पाहून कीड उडत नाही.

मंडपातले पाहुणे

ऑक्टोबरमधील फळछाटणीनंतर डोळे फुटू लागतात आणि बागेत पाहुण्यांची रांग लागते. कोवळ्या डोळ्यांवर उडद्या भुंगेरे येतात, फुलोऱ्यात फुलकिडे येतात, मणी भरू लागले की मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, घडात शिरतो. फुलकिड्यांनी ओरखडलेला मणी पुढे डागाळतो आणि बाजारात त्याला निम्माही भाव मिळत नाही. मिलीबगचा चिकटा घडावर पसरला, त्यावर काळी बुरशी वाढली की तो घड कोणी हातात घेत नाही.

यांतील मिलीबगची कथा विशेष बोधप्रद आहे. ही कीड खोडाच्या सालीखाली दडून राहते आणि अंगावर मेणकट पांढरे आवरण ओढून घेते. फवाऱ्याचे औषध तिच्यापर्यंत धड पोहोचत नाही. मात्र तिला खाणारे ढालकिडे आणि तिच्या शरीरात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्यांच्या जातीतल्या इवल्या माश्या उघड्यावर हिंडत असतात. त्या फवाऱ्यात आधी मरतात. शत्रू आत सुरक्षित आणि पहारेकरी मात्र गारद, अशी अवस्था होते. मग कीड वाढते, म्हणून फवारणी वाढते आणि फवारणी वाढते, म्हणून कीड वाढते. शिवाय मिलीबग घडात शिरतो तो नेमका काढणी जवळ आलेली असताना. त्या वेळी मारलेल्या औषधाचा अंश मण्यात राहण्याचा धोका सर्वाधिक असतो. ज्या दिवसांत पंप हाती धरण्याची सोय नसते, त्या दिवसांत बागेत काम करू शकणारा एकच कामगार उरतो, तो म्हणजे मित्रकीटक.

अंशाच्या प्रश्नाने शेतकऱ्याला किती हादरे दिले आहेत, हे सर्वज्ञात आहे. २०१० मध्ये युरोपच्या बाजाराने क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशावरून भारतीय द्राक्षे अडवली. ते कीडनाशक नव्हते हे खरे. परंतु दूरच्या एखाद्या प्रयोगशाळेतील आकडा गावातल्या वर्षभराच्या कष्टावर कसे पाणी फिरवू शकतो, हे त्या हंगामाने शिकवले. तेव्हापासून निर्यातीच्या मालाची तपासणी अधिक कडक झाली. देशातल्या बाजारात येणाऱ्या द्राक्षांची तितकी काटेकोर तपासणी होत नाही. म्हणजे परदेशी ग्राहकाच्या ताटातील घडाची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी आपल्या घरातल्या मुलांच्या डब्यातील घडाची घेतली जात नाही. मध्यमवर्गीय कुटुंबांनी या विसंगतीचा विचार अवश्य करावा.

जगाच्या अनुभवातून

एका शत्रूवर दुसरा जीव सोडून त्याला आवरण्याची कल्पना नवी नाही. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका ढालकिड्याने कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय बागा वाचवल्या. मिलीबग फस्त करणारा क्रिप्टोलिमस हा ढालकिडाही मूळचा ऑस्ट्रेलियाचाच; तो १८९८ मध्ये भारतात आणला गेला आणि आज आपल्या द्राक्षबागांत सोडला जातो. मात्र अनेकदा असे घडते की किडे विकत आणून सोडले जातात आणि काही दिवसांत दिसेनासे होतात. कारण साधे आहे. बागेत त्यांना राहायला जागा नसते, कीड नसेल तेव्हा खायला काही नसते, आणि आठवड्याने फवारणी होते. पाहुण्याला बोलवायचे आणि घराला कुलूप लावून निघून जायचे, असाच हा प्रकार आहे.

कॅलिफोर्नियातच १९६० च्या दशकात डाउट आणि नाकाता या अभ्यासकांच्या असे ध्यानात आले की रानटी ब्लॅकबेरीच्या झुडपांजवळच्या द्राक्षबागांत तुडतुड्यांचा त्रास कमी असतो. द्राक्षावरील तुडतुड्यांच्या अंड्यांवर जगणारी एक सूक्ष्म माशी हिवाळ्यात उपाशी राहते, कारण त्या काळात हे तुडतुडे अंडी घालत नाहीत. ब्लॅकबेरीवर मात्र दुसऱ्या जातीचे तुडतुडे असतात आणि त्यांची अंडी तिला हिवाळाभर मिळतात. झुडूप हे त्या माशीचे हिवाळी घरच ठरले. पुढे १९९६-९७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील एका सेंद्रिय द्राक्षमळ्यात मिगुएल अल्टिएरी, क्लारा निकोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६०० मीटर लांबीच्या फुलझाडांच्या पट्ट्याचा अभ्यास केला. पट्ट्यालगतच्या ओळींत मित्रकीटक अधिक आणि तुडतुडे व फुलकिडे कमी आढळले. परंतु हा परिणाम पट्ट्यापासून वीस-तीस मीटरपर्यंतच ठळक होता. न्यूझीलंडमध्ये लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी वायपारा खोऱ्यातील द्राक्षांच्या ओळींत कुट्टू पेरला. आपल्याकडे उपवासाला ज्याचे पीठ चालते तोच हा कुट्टू. त्याच्या फुलांतील मध पिऊन पाने गुंडाळणाऱ्या अळीवरील परोपजीवी माश्या अधिक काळ जगतात आणि अधिक अळ्या मारतात.

वीस-तीस मीटरच्या या मर्यादेत जालन्याच्या शेतकऱ्यासाठी एक आशेची गोष्ट दडलेली आहे. कॅलिफोर्नियातील शेकडो एकरांच्या सलग मळ्यात कडेचा पट्टा आतल्या वेलींपर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडे एक एकराच्या चौकोनी तुकड्याची बाजू साधारण ६४ मीटर भरते. म्हणजे बागेचा अगदी मधला वेलही बांधापासून ३२ मीटरच्या आसपास असतो. चारही धुरे जिवंत ठेवले, तर मित्रकीटकांच्या आवाक्याबाहेर बागेचा फारच थोडा भाग राहतो. जी लहान धारणक्षमता एरवी आपली दुबळी बाजू समजली जाते, ती येथे बळ ठरू शकते. अट एवढीच की ते धुरे तणनाशकाने जाळून बोडके करू नयेत.

परंपरेचा आधार, परंपरेचे भान

मिश्र शेती मराठवाड्याला परकी नाही. ज्वारीत तुरीचे पाटे, मुगाचा जोड, कडेने अंबाडी, गुरे शिरू नयेत म्हणून करडईची काटेरी कड, असे शेत येथे पिढ्यानपिढ्या पेरले गेले. एक पीक गेले तरी दुसरे घर चालवी. सर अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ मध्ये पुसा येथे आले. आले ते भारतीयांना शेती शिकवण्यासाठी, पण येथील शेतकरी आणि पिकांवरील कीड यांनाच त्यांनी आपले गुरू मानले. पुढे इंदूर येथे त्यांनी सिद्ध केलेली कंपोस्ट पद्धती आणि १९४० मधील त्यांचा ग्रंथ यांतून पाश्चात्त्य सेंद्रिय शेतीच्या विचाराला चालना मिळाली. ज्याला आज आपण परदेशातून आलेली नवी कल्पना समजून दाद देतो, तिची एक मुळी आपल्याच शेतात आहे, हे विसरून चालणार नाही.

तथापि अभिमान आणि भाबडेपणा यांतील सीमारेषा येथे सांभाळावी लागते. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या ग्रंथात वनस्पतींच्या रोगांचा स्वतंत्र विचार आहे, ही गौरवाची गोष्ट होय; पण मंडपावरच्या थॉमसन सीडलेसवरील मिलीबगचे तयार उत्तर त्यात शोधू जाणे हा ग्रंथाचाही सन्मान नव्हे आणि शेतकऱ्याचाही. अंबाडीचेच उदाहरण घ्यावे. ज्वारीच्या कडेला शोभणारी ही अंबाडी द्राक्षाच्या कडेला घातक ठरते, कारण द्राक्षावरील मिलीबगला ती अतिशय प्रिय आहे. जास्वंद, भेंडी आणि सर्वत्र माजलेले गाजरगवत हीदेखील त्याची आवडती घरे. मिरचीवरचे फुलकिडे द्राक्षावरही येतात. म्हणजे बांधावर ‘काहीतरी हिरवे’ असून भागत नाही. काय आहे, हे महत्त्वाचे. कॅलिफोर्नियालाही हा धडा मिळालाच. ज्या ब्लॅकबेरीने तुडतुड्यांच्या शत्रूला आसरा दिला, तिच्याच आसऱ्याने द्राक्षवेल मारणाऱ्या पीअर्स रोगाचे वाहक कीटकही वाढतात, असे दिसून आले.

याउलट कोथिंबीर, बडीशेप, शेपू यांची छत्रीसारखी फुले परोपजीवी माश्यांना मध पुरवतात. चवळीवर येणाऱ्या माव्यावर ढालकिडे पोसले जातात. हा मावा द्राक्षाला उपद्रव देत नाही. मक्याच्या दोन ओळी वाऱ्याला आडोसा देतात आणि कोळ्यांना व ढालकिड्यांना थारा. झेंडू मुळांवरील सूत्रकृमींना आवर घालण्यास मदत करतो. सप्टेंबरमध्ये बडीशेप-कोथिंबीर टप्प्याटप्प्याने पेरली, तर फळछाटणीनंतरच्या नाजूक आठवड्यांत फुले हजर राहतात. मुंग्या मिलीबगच्या चिकट्यासाठी त्याचे रक्षण करतात, म्हणून बांध जिवंत ठेवताना खोडाभोवतीची मुंग्यांची वारुळे मात्र वेळीच हटवावी लागतात.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप पाण्याचा. जेथे द्राक्षालाच शेततळ्यातून मोजून पाणी द्यावे लागते, तेथे ओळींमधल्या वनस्पतींना पाणी कोठून आणायचे? हा आक्षेप रास्त आहे आणि युरोप-अमेरिकेतील पुस्तके जशीच्या तशी उचलणाऱ्यांनी तो नीट ऐकावा. उन्हाळ्यात ओळींत हिरवे आच्छादन वाढवणे जालन्यात शहाणपणाचे नाही. पावसाळ्यात मात्र ताग किंवा धैंचा पावसाच्या पाण्यावर वाढतो. फळछाटणीपूर्वी तो कापून वेलीच्या बुडाशी अंथरला, तर जमिनीला नत्र मिळते, ओल टिकते आणि जमिनीवर फिरणाऱ्या कोळी-भुंगेऱ्यांना निवारा मिळतो. पाणी खाणारे हे पीक पुढे पाणी वाचवणारे ठरते.

दुसरा आक्षेप रोगांचा. केवडा आणि भुरी या बुरशीजन्य रोगांवर बांधावरच्या फुलांचा काहीही उपाय चालत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उलट ओळींत गर्दी झाली आणि हवा खेळेनाशी झाली तर केवडा वाढतो. सेंद्रिय बागेतही तांबे आणि गंधक वापरावेच लागते. आणि तीही निरुपद्रवी नव्हेत. गंधकाच्या अतिवापराने बारीक परोपजीवी माश्या मरतात, तर तांबे जमिनीत साठत जाते. म्हणूनच युरोपने २०१९ पासून तांब्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली. ‘सेंद्रिय’ हा शब्द उच्चारला की जबाबदारी संपत नाही, तेथून ती सुरू होते.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. हे सारे उपद्व्याप करण्यापेक्षा एक फवारा स्वस्त नाही का? याचे उत्तर द्राक्षाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या मुळांवरील किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, कारण तेथील सारे वेल एकाच कुळाचे आणि सारखेच दुबळे होते. त्यांना वाचवले ते अमेरिकेतील रानटी वेलींच्या मुळांनी. आज मराठवाड्यातील द्राक्षे ज्या डॉगरिज खुंटावर पाण्याचा ताण आणि क्षार सोसतात, तो खुंटही अमेरिकेतील रानवेलींचाच वारसा आहे. विविधता ही द्राक्षाच्या मुळातच कलम केलेली आहे. ती जमिनीवरच्या बागेतून हद्दपार करणे ही अल्पकाळची बचत आणि दीर्घकाळची उधारी होय.

गावाने उचलायचे पाऊल

एका शेतकऱ्याने बांध फुलवला आणि शेजाऱ्याने त्याच दिवशी ब्लोअर चालवला, तर पहिल्याचे श्रम वाऱ्यावर जातात. त्यामुळे हे काम गावाचे आहे. नाल्याकाठची झुडपे, शेततळ्यांच्या भरावाची पडीक जागा, रस्त्यांच्या कडा या सगळ्यांचा एकत्रित आराखडा झाला, फवारणीच्या तारखा परस्परांना कळवल्या गेल्या, गाजरगवत सामुदायिक श्रमाने काढले गेले, तरच मित्रकीटकांची वस्ती टिकेल. ज्या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून दाखवली, त्यांना तणनाशकबंदीचे धुरे अशक्य नाहीत. कडवंचीकडून ही अपेक्षा करण्याचे कारण हेच, की शिस्तीची सवय तेथे आधीच रुजलेली आहे.

यात शेतकऱ्याने एकट्याने जोखीम घ्यावी, अशी अपेक्षा मात्र अन्यायाची होईल. फळबागेला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी तीन वर्षांचा संक्रमणकाळ पार करावा लागतो. त्या तीन वर्षांत उत्पादन घटू शकते आणि भाव मात्र साध्या मालाचाच मिळतो. या खिंडीत अनेकांची उमेद संपते. म्हणून पहिली पायरी प्रमाणपत्राची नसावी. जो आज रसायने वापरतो त्यानेही धुरा जाळणे थांबवावे, फुलांचा एक पट्टा लावावा, फुलोऱ्यात आणि काढणीच्या तोंडावर बेछूट फवारणी टाळावी आणि भिंगाने पाने पाहून मगच औषधाचा निर्णय घ्यावा. यात गमावण्यासारखे फारसे काही नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने जालन्याच्या हवामानात कोणती झाडे कोणत्या महिन्यात लावावीत याची स्थानिक यादी प्रत्यक्ष शेतांवरील चाचण्यांतून सिद्ध करावी. परदेशी यादीचे भाषांतर पुरेसे नाही. संक्रमणाच्या तीन वर्षांसाठी सरकारी योजनांतून मिळणारे साहाय्य हंगामाच्या आधी आणि पुरेसे मिळावे.

शहरातल्या कुटुंबांचीही यात भूमिका आहे. काचेसारखा चकचकीत, एकसारख्या आकाराचा, एकही डाग नसलेला घडच हवा, हा हट्ट शेवटी फवारणीच्या पंपात उतरतो. एखादा मणी लहान, एखाद्यावर पुसट ओरखडा, असा घड आनंदाने घेणारा ग्राहक शेतकऱ्याला दोन फवारण्या वाचवण्याची मोकळीक देतो. गावाशी थेट नाते जोडून, ठरलेल्या भावाने, ओळखीच्या शेतकऱ्याचा माल घेणारे गट अनेक शहरांत उभे राहू शकतात. सेवाभावी कार्यकर्त्यांसाठी हे क्षेत्र मोकळे आहे आणि त्यासाठी मोठ्या निधीची नव्हे, सातत्याची गरज आहे.

जालन्याने माथ्यावर पडलेला थेंब पायथ्यापर्यंत जपून आणण्याची कला आत्मसात केली. त्या थेंबावर उभ्या राहिलेल्या बागेतील लहानशा जीवांना जपण्याची कला ही तिची पुढची इयत्ता आहे. येत्या पावसाळ्यात तणनाशकाचा डबा घेऊन धुऱ्याकडे जाण्याआधी शेतकऱ्याने क्षणभर थांबून तेथे कोण राहते हे पाहावे, इतके घडले तरी प्रारंभ झाला असे म्हणता येईल.